'फ्रिंज'मधला बघ्या : १९८५ साली सप्टेंबर चुकला की त्यानं मुद्दाम केलं?

आयर्विनकाठ | शुक्रवार, रात्री १०:५२

पुढं सगळा रहस्यभेद आहे, पाचही सीझनचा. ज्यांना 'फ्रिंज' ही अमेरिकन मालिका अजून बघायची आहे त्यांनी इथूनच मागं फिरा. नंतर खरडवहीत येऊन शिव्या घालू नका.

पावसानं चार दिवस सांगलीत घराबाहेर पडू दिलं नाही आणि कपाट आवरताना जुनी हार्डडिस्क सापडली. हॉस्टेलभर फिरलेली, एका कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेली. त्यात 'फ्रिंज' अख्खी. ९ सप्टेंबर २००८ ते १८ जानेवारी २०१३, पाच सीझन, बरोबर १०० भाग. आम्ही सहाजण एका लॅपटॉपपुढं बसून बघायचो आणि कीबोर्डवर भडंग सांडायचा. परवापासून पुन्हा लावली, आता एकट्यानं.

विसरलेल्यांसाठी थोडक्यात: हार्वर्डच्या तळघरात प्रयोगशाळा, तिथं जीन नावाची गाय. सतरा वर्षं मनोरुग्णालयात काढून आलेला शास्त्रज्ञ वॉल्टर बिशप, त्याचा मुलगा पीटर, एफबीआयची ऑलिव्हिया. आणि प्रत्येक भागात कुठंतरी मागं, बसस्टॉपवर, गर्दीत, जिन्यात उभा असलेला तो. टक्कल, भुवया नाहीत, सूट, हॅट. मालिकेत त्यांना ऑब्झर्व्हर म्हणतात, आम्ही 'बघ्या' म्हणायचो. जो पहिल्यांदा बघ्या दाखवेल त्याला बाकीच्यांनी भडंगाचा पुडा द्यायचा, असा नियम होता. बघे बरेच आहेत, नावं महिन्यांची. आपला मुख्य बघ्या म्हणजे सप्टेंबर.

आता मुद्दा. १९८५. आपल्या बाजूचा छोटा पीटर आजारानं गेला. पलीकडच्या, समांतर विश्वातला पीटरही त्याच आजारानं मरायला टेकलाय आणि तिकडचा वॉल्टर, म्हणजे वॉल्टरनेट, औषध शोधतोय. औषध जमतं, रंग बदलतो, आणि नेमक्या त्या क्षणाला सप्टेंबर प्रयोगशाळेत येऊन उभा राहतो. वॉल्टरनेट मान वळवून 'हा कोण' म्हणून बघतो. रंग बदललेला त्याला दिसतच नाही. आपला वॉल्टर मात्र इकडून खिडकीसारख्या यंत्रातून तो बदल बघतो. पुढं तो रायडन सरोवरावरून पलीकडं जातो, पोराला घेऊन येतो, बर्फ फुटतो, दोघं पाण्यात. सप्टेंबर त्यांना बाहेर काढतो. दोन विश्वांचं सगळं भांडण इथून सुरू.

मालिका म्हणते, ही सप्टेंबरची चूक. मी म्हणतो, चूक बिक काही नाही, मुद्दाम केलं. समोरचा काय बोलणार ते त्याच्याबरोबर शब्दाला शब्द बोलून दाखवणारा, सुटलेली गोळी हातात झेलणारी जमात. अशा माणसाला आपण दारात उभं राहिलो की आतला मान वळवणार एवढं कळत नाही? आणि सरोवरातून काढल्यावर तो म्हणतो, मुलगा महत्त्वाचा आहे, तो जगला पाहिजे. 'द बॉय मस्ट लिव्ह' या नावाचा भाग पाचव्या सीझनमध्ये येतो तेव्हा 'मुलगा' म्हटल्यावर डोळ्यापुढं पीटर येत नाही. येतो मायकल, सप्टेंबरचा स्वतःचा. म्हणजे पहिल्यापासून गडी आपल्या पोरासाठी डाव मांडत होता.

बोला.

सातारी_तडका | शुक्रवार, रात्री ११:१०

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

तुझ्या थिअरीबद्दल नंतर. आधी जेवणाचं बोल. या टकल्यांना चव लागत नाही म्हणून कच्च्या मांसाच्या सँडविचवर टोबॅस्को ओतायचा, काळी मिरी पालथी करायची आणि मिरच्या वेगळ्या मागायच्या. त्या मिरच्या कुठल्या तर हालापेनो. भावा, हालापेनोची आपल्याकडं लोक भजी करून पोरांना देतील. याला एकदा आमच्या घरचा खर्डा भाकरीवर ठेवून द्यायचा होता. पाच मिनिटांत सगळ्या भावना परत आल्या असत्या, पाचव्या सीझनची गरजच नव्हती.

शंकासुर_कराड | शुक्रवार, रात्री ११:३८

धागाकर्ते, चौथा सीझन पुन्हा बघितलाय का अजून? नसेल तर थिअरी मांडायची घाई केलीत.

पीटर पुसला गेलेली जी काळरेषा आहे, नारिंगी शीर्षकाची, तिच्यात काय झालं ते आठवा. त्या रेषेतही वॉल्टर पलीकडं गेलाच होता. पोराला घेऊन निघालाच होता. फरक एवढाच की सरोवरात बुडताना सप्टेंबर आला नाही आणि पीटर मेला. म्हणजे प्रयोगशाळेतली मान वळणं दोन्हीकडं जशीच्या तशी. बदलतं ते फक्त सरोवर. मुद्दाम केलेली गोष्ट असेल तर ती सरोवरावरची. प्रयोगशाळेत तो खरंच चुकला.

दुसरं, काजव्याचा भाग. तिसऱ्या सीझनमध्ये सप्टेंबर स्वतः वॉल्टरला सांगतो: तुझा मुलगा जगला, त्यानं एक काजवा पकडला. तो काजवा एरवी मैलोन्‌मैल दूर एका मुलीला सापडायचा होता. तिला तो मिळाला नाही म्हणून ती शोधत राहिली, बाप तिला हुडकायला ट्रक घेऊन बाहेर पडला, रस्ता पावसानं निसरडा, ट्रक घसरला आणि भलत्याच माणसाचा मुलगा गेला. हे सांगताना सप्टेंबरचा चेहरा बघा. डाव मांडणाऱ्याचा चेहरा असा नसतो. हिशेब चुकलेल्या कारकुनाचा असतो.

मेणवली | शनिवार, सकाळी ७:१५

शंकासुर, कारकुनाचा चेहरा हे अगदी पटलं. मायकल सर्व्हेरिसनं ते काम काय केलंय! भुवया नसलेल्या माणसाला चेहऱ्यावर काही दाखवायला मुळात जागा किती उरते? त्यानं सगळं मानेवर केलंय. मान जराशी तिरकी करून थांबतो, बैलानं अनोळखी माणसाकडं बघावं तसा.

पण सगळेजण सप्टेंबरला धरून बसलेत, माझा जीव ऑगस्टवर. दुसऱ्या सीझनमधला त्याच्याच नावाचा भाग. एक मुलगी विमानानं जाणार असते आणि ते विमान पडणार असतं. ऑगस्टनं तिला लहान असताना पाहिलेलं, १९८९ च्या भूकंपात आईवडील गेले तेव्हा. रडत होती, पण धीट होती. ती त्याच्या मनात आली आणि मग गेलीच नाही. म्हणून तो तिला चक्क पळवून नेतो, विमान चुकवतो. बाकीचे बघे म्हणतात, ही महत्त्वाची नाही, हिला मरायलाच हवं, आणि तिच्यावर मारेकरी घालतात. तेव्हा ऑगस्ट स्वतःचा जीव देतो. कारण एका बघ्याच्या मृत्यूला ती कारण झाली की आपोआप 'महत्त्वाची' ठरते. गाडीत शेवटचे श्वास मोजताना सप्टेंबरला विचारतो काय, तर ती आता सुरक्षित आहे ना.

हे सप्टेंबरनं शेजारी बसून बघितलंय. आयर्विनकाठ, तुमचा सप्टेंबर १९८५ मध्येच बाप झालेला असेल, तर तो गाडीत तसा का बसतो? काहीतरी पहिल्यांदाच कळतंय असा?

आयर्विनकाठ | शनिवार, सकाळी ९:०२

मेणवली ताई, तुम्ही धरता ते बरोबर आहे. पण त्यांचं घड्याळ आपल्यासारखं नाही. ते २६०९ मधून येतात. त्यांच्या आयुष्यात १९८५ आधी की नंतर, कुणी सांगावं? आपण मालिका बघतो त्या क्रमानं तो जगलाच असेल असं नाही.

शंकासुर, चौथ्या सीझनचा मुद्दा तगडा आहे. मान्य करायला जड जातंय.

नाना_गावभाग | शनिवार, सकाळी ११:२०

मी या वयात मालिका बघत नाही, पण नातवानं मे महिन्याच्या सुट्टीत बळंच वीसेक भाग दाखवले. इंग्रजी निम्मं कळलं, बाकी त्यानं सांगितलं. आधी एक विनंती. सारखं टकल्या टकल्या म्हणू नका, माझ्यासारखे लोक वाचत असतात.

मला तो माणूस पहिल्यांदा दिसला तेव्हा वाटलं, अरे हा तर सूत्रधार! विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांपुढं 'सीता स्वयंवर' केलं, त्या नाटकांची रीत अशी होती की सूत्रधार आरंभापासून शेवटपर्यंत रंगमंचावरच. एका बाजूला साथीदार घेऊन उभा. पदं तो म्हणणार, आणि त्यानं पदातून जे सांगितलं त्यावर पात्रं अभिनय करणार, भाषणं ऐनवेळी जुळवणार. म्हणजे प्रसंगात नाही, पण प्रसंग त्याच्यावाचून होतही नाही. प्रेक्षकांना तो दिसतो आणि काही वेळानं दिसेनासा होतो. तो तिथंच असतो, आपली नजर त्याच्यावरून घसरायला लागते.

सप्टेंबर हा असा सूत्रधार. फक्त एके दिवशी राक्षसपार्टीतल्या नटानं ऐन युद्धात तलवार थांबवून सूत्रधाराकडं बघितलं आणि विचारलं, 'तुम्ही कोण?' झालं, नाटक मोडलं. त्यात सूत्रधाराची चूक कशी? उभं राहायची जागा त्याची तीच होती.

सातारी_तडका | शनिवार, सकाळी ११:३१

नाना दंडवत! टकल्या शब्द मागं घेतला. आजपासून 'केशमुक्त'.

शंकासुर_कराड | शनिवार, दुपारी १२:१५

नाना, उपमा सुंदर, पण सूत्रधाराला पात्रं दिसावीत अशी योजनाच असते. बघ्यांचा तर दावा की आम्ही फक्त बघतो, ढवळाढवळ करत नाही. हे बघणारे नंतर काय करतात? २६०९ पर्यंत पृथ्वीची हवा नासवतात आणि २०१५ मध्ये येऊन आपली पृथ्वी बळकावतात. २०३६ मधले ते भाग आठवा, बघ्यांचा म्होरक्या विंडमार्क आणि त्याची पलटण. आधी बघायचं, मग मोजायचं, मग घ्यायचं. आधी नकाशे काढायला माणसं येतात, मागाहून फौज. आपल्याला हे नवीन नाही. मुख्य प्रश्न तोच राहतो: बघण्यानं काय होतंय, हे त्यांना कळत होतं का?

सातारी_तडका | शनिवार, दुपारी १२:२२

बघण्यानं काय होतं म्हणून काय विचारता? आमचे काका मॅच बघायला खोलीत आले की विकेट जाते. एकोणीस वर्षांचा विदा आहे माझ्याकडं. महत्त्वाच्या मॅचला आम्ही त्यांना रहिमतपूरला आत्याकडं पाठवतो.

तरफ | शनिवार, दुपारी ३:४०

पहिल्यांदाच लिहितोय, वाचनमात्र होतो. मी मिरजेचा, घरात तंतुवाद्यांचं काम. 'फ्रिंज' मी कामाच्या टेबलावर मोबाईल उभा करून पूर्ण केली, त्यामुळं बऱ्याच प्रसंगांत नुसता आवाजच ऐकलाय.

नानांनी सूत्रधार सांगितला, मला वेगळं सुचलं. तंबोऱ्याची घोडी असते, तिच्यावरून तारा जातात. प्रत्येक तारेखाली, तार आणि घोडीच्या मध्ये, एक दोऱ्याचा तुकडा सरकवतात. साधा सुती दोरा. तो स्वतः वाजत नाही. पण तो केसभर पुढं गेला की तार मुकी होते आणि मागं आला की नुसती खरखरते. एक जागा अशी असते की तिथं तो आला की तार एकदम उघडते, एका स्वरातून दहा स्वर बाहेर पडतात. त्याला जवारी लागली म्हणायचं. आजोबा नखानं सरकवायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. मला अजून पहिल्या फटक्यात जमत नाही. पुढं जातो, मागं जातो, पुन्हा पुढं.

सप्टेंबर मला तो दोरा वाटतो. तो काही करत नाही हे खरं, आणि सगळं त्याच्यामुळं होतं हेही खरं. तो मुद्दाम तिथं आला का, हे दोऱ्याला विचारून कळणार नाही. सरकवणारा कोण ते विचारा.

मेणवली | शनिवार, दुपारी ३:५८

तरफ, लिहीत राहा हो! वाचनमात्र राहू नका.

आयर्विनकाठ | शनिवार, सायंकाळी ५:३०

तरफ, तुम्ही धाग्यात दोरा घातलात. (आईशप्पथ हे कोटीसाठी लिहिलं नाही, लिहून झाल्यावर दिसलं.)

सरकवणारा कोण? माझं उत्तर मायकल. त्या पोराकडं भावना आहेत आणि बुद्धी बाकीच्या बघ्यांहून जास्त. त्यांच्या लेखी ती 'विसंगती', नष्ट करायची वस्तू. पहिल्या सीझनमधलं जमिनीखाली सापडलेलं ते केस नसलेलं मूल आठवतंय का? न बोलणारं, ऑलिव्हियाच्या मनातलं ओळखणारं? काळरेषा वेगळी, पण पाचव्या सीझनचं सगळं बी तिथंच पेरलंय.

शालू_विश्रामबाग | शनिवार, सायंकाळी ६:१२

मुलांनो, मी तुमच्या त्या मालिकेचा फक्त पहिला सीझन पाहिलाय, मुलीबरोबर. पण महिन्यांची नावं वाचून राहवेना.

मूळ बघे बारा, बारा महिन्यांचे. मग तेरावा तो मुलगा. आपल्याकडं तेरावा महिना कुठला? अधिक महिना! चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५ चं, वर्षाला अकरा दिवसांची तूट पडते आणि ती भरायला साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक घ्यावा लागतो. त्याला स्वतःचं नाव नाही, पुढच्या महिन्याचंच नाव लावून घेतो. मुंज नाही, लग्न नाही, कुणाच्या खिजगणतीत नाही. पण तो घेतला नाही तर थोड्या वर्षांत दिवाळी भर पावसात येईल. तुमचा मायकल तोच. हिशेबात बसत नाही, आणि त्याच्याशिवाय हिशेब बसत नाही.

आमच्याकडं अधिकात जावयाला अनारसे देतात, ते त्याला कुणी दिले नसतील बिचाऱ्याला.

सातारी_तडका | शनिवार, सायंकाळी ६:२०

काकू, हसून हसून पुरेवाट आणि साष्टांग दोन्ही एकदम.

नाना_गावभाग | शनिवार, सायंकाळी ७:०५

शालूताई, मग सप्टेंबर म्हणजे साधारण आपला भाद्रपद. पितृपंधरवडा त्यातच. आणि गंमत बघा, हे लोक आपले पितर नव्हेत, आपले वंशज. जन्मलेलेच नाहीत अजून. तरी येतात, काठावर उभे राहतात, काही बोलत नाहीत, खायला मिळालं तर तिखट खातात. उलटा पितृपक्ष चाललाय.

मेणवली | शनिवार, सायंकाळी ७:१९

नाना, अंगावर काटा आला हो हे वाचून.

शंकासुर_कराड | शनिवार, रात्री ९:४४

सगळं छान चाललंय, पण शेवटाकडं कुणी जाईना म्हणून मीच जातो.

योजना काय? मायकलला २१६७ मध्ये ऑस्लोला न्यायचं. तिथल्या शास्त्रज्ञांना दाखवायचं की बुद्धी वाढवण्यासाठी भावना काढून टाकायची गरज नाही. मग बघे तयारच होणार नाहीत. सप्टेंबर, जो तोवर शरीरातली यंत्रं काढून घेतल्यामुळं केस उगवलेला डोनाल्ड झालाय, तोच पोराला घेऊन जाणार असतो. ऐनवेळी गोळी लागून मरतो. वॉल्टर मायकलचा हात धरून जातो. २०१५ ची ती बाग, आक्रमण होतच नाही, पीटरच्या हातात पांढऱ्या ट्युलिपचं चित्र. आम्ही सगळे रडलो, मी नाकारत नाही.

पण बघेच नाहीत तर १९८५ मध्ये प्रयोगशाळेत कोण उभं राहिलं? वॉल्टरनेटची मान कशानं वळली? त्याला औषध दिसणार, तिकडचा पीटर तिकडंच बरा होणार, वॉल्टर पलीकडं जाणारच नाही. मग बागेत उभा असलेला पीटर कोण? याचं उत्तर १०० भागांत नाही. धागाकर्त्यांची थिअरी मानली तर अजून बिकट: सप्टेंबरनं मुद्दाम सुरू केलेल्या डावात सप्टेंबरच पुसला जातो.

तरफ | शनिवार, रात्री १०:१०

जवारी लागल्यावर दोरा काढला तर तार पुन्हा मुकी होते, हे खरं. पण मैफल होऊन गेली असेल तर?

शंकासुर_कराड | शनिवार, रात्री १०:१४

झालेली मैफल न झालेली करणं, हाच तर त्यांचा धंदा आहे भाऊ.

शालू_विश्रामबाग | शनिवार, रात्री १०:३०

कॅलेंडरचं पान फाडलं म्हणून त्या महिन्याचं वाण्याचं बिल माफ होत नाही. मुलीचं म्हणणं, २०१५ पासून पुढचं पुसलं, मागचं तसंच राहिलं. मला तेवढं पुरतं.

शंकासुर_कराड | शनिवार, रात्री १०:३३

काकू, मला नाही पुरत. पण वाण्याला आडवं कोण जाणार.

आयर्विनकाठ | शनिवार, रात्री ११:५५

झोप येईना म्हणून लिहितोय. विषयांतर वाटलं तर सोडून द्या.

शंकासुरांनी दुपारी विचारलं, बघण्यानं काय होतंय हे त्यांना कळत होतं का. ऑगस्ट २०१९, सांगलीचा पूर. धोक्याची पातळी आयर्विन पुलावर ४५ फूट, पाणी त्याच्या कितीतरी वर गेलेलं. आमचं घर उंचावर, आम्हाला काही झालं नाही. मी गावभागात एका बोळाच्या तोंडाशी उभा होतो, जिथं पाणी संपून रस्ता सुरू होत होता. हातात मोबाईल. मदत करायला गेलो होतो असं घरी सांगितलं होतं, पण तासभर नुसता उभाच होतो. बोळातून एक काका येत होते, कमरेच्या वर पाणी, डोक्यावर पत्र्याची ट्रंक, दोन्ही हात वर. पायानं चाचपत, एकेक पाऊल. मी व्हिडिओ काढत होतो. पंधरा-वीस फुटांवर आले आणि त्यांनी वर बघितलं, माझ्याकडं. काही बोलले नाहीत. नुसती मान वर केली. आणि पाय गटाराच्या काठावरनं गेला.

माणूस वाचला. आम्ही दोघातिघांनी ओढून काढलं. ट्रंक गेली. तिच्यात घराची कागदपत्रं आणि त्यांच्या बायकोचे फोटो होते, ती आधीच्या वर्षी वारलेली. हे त्यांनी नंतर चहा पिताना सांगितलं, माझ्याकडं न बघता.

व्हिडिओ अजून त्याच हार्डडिस्कमध्ये आहे. 'फ्रिंज'च्या शेजारच्या फोल्डरला.

मेणवली | रविवार, सकाळी ६:४०

आता कळलं तुम्हाला ती चूक का नको आहे ते.

आयर्विनकाठ | रविवार, सकाळी ८:१०

कदाचित.

नाना_गावभाग | रविवार, सकाळी ८:४५

त्या आठवड्यात निम्मं गाव काठावर उभं होतं, बाळा. मीही होतो. आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा वरच्या मजल्यावरून गल्लीकडं बघत बसलो होतो, दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून. त्यांना ओढून काढलंस ना? सरोवर तेवढं तुझं. बोळाचं तोंड कुणाचंच नाही. शंकासुर म्हणाले ते मला पटतं.

सातारी_तडका | रविवार, सकाळी ९:२०

आयर्विन भावा, आज विनोद नाही. सांगलीत आलो की भेटतो, भडंग माझ्याकडनं.

शंकासुर_कराड | रविवार, दुपारी १:०५

मीही एक कबूल करतो. काजव्याच्या भागात सप्टेंबर वॉल्टरला परीक्षेला बसवतो: वेळ आली तर पोराला सोडशील का? मी कायम म्हणत आलो की तो वॉल्टरला तपासत होता. काल रात्री पुन्हा लावला तो भाग. आता वाटतंय, तो उत्तर स्वतःसाठी विचारत होता. म्हणजे तुमचा 'बाप' हा मुद्दा निम्मा खरा. मुद्दाम हा मुद्दा मात्र अजूनही खोटा.

आयर्विनकाठ | रविवार, दुपारी २:३०

निम्मा चालेल.

तरफ | रविवार, सायंकाळी ४:१५

एक फुटकळ प्रश्न. दुसऱ्या सीझनचा पहिला भाग आज तीनदा बघितला, केशमुक्त सापडेना. कुठं आहे?

सातारी_तडका | रविवार, सायंकाळी ४:४०

कामाच्या टेबलावर नुसता आवाज ऐकत बघितलात तर कसा दिसेल मालक. पडद्याकडं बघा की.

आयर्विनकाठ | रविवार, रात्री १०:२०

तरफ, तोच भाग आज संध्याकाळी लावला होता. आई शेजारी मेथी निवडत बसलेली, इंग्रजी शब्द कळत नाही, मालिकेचं नाव माहीत नाही. मी डोळे फाडून गर्दी बघतोय आणि ती मान वर न करता म्हणाली, "हा मघापासनं दोनदा आला की रे. तो बिनकेसाचा. तिकडं मागं."

मागं घेऊन दाखवला. बरोबर होता. कुठं ते सांगत नाही, भडंगाचा पुडा तिला देणं लागतो.

मग विचारते, "हा सारखा नुसता उभाच राहतो होय? याला कोण आत या म्हणत नाही?"